नाणेपेटी उघडताना : खेळयंत्रांच्या व्यवसायात येणाऱ्यांसाठी अनुभवकथन

नाण्यावर चालणारे खेळयंत्र दुसऱ्याच्या दुकानात ठेवायचे, दुकानदाराने जागा आणि वीज द्यायची, यंत्राची खरेदी, दुरुस्ती व देखभाल आपण करायची आणि पेटीत जमलेल्या नाण्यांतून दोघांनी आपापला ठरलेला वाटा घ्यायचा, एवढ्याच व्यवहारावर हा व्यवसाय उभा आहे. ऐकताना तो इतका सोपा वाटतो की नवोदित माणूस आपली सारी बुद्धी कोणता खेळ घ्यावा या एकाच प्रश्नावर खर्च करतो. मीही तेच केले. पहिले यंत्र घेण्यापूर्वी मी कितीतरी आठवडे खेळांची तुलना करण्यात घालवले, आणि यंत्र जागेवर बसल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात नाणे टाकण्याच्या फटीत एक वाकलेले नाणे अडकून ते सहा दिवस बंद राहिले. दुकानदारांनी मला कळवले नव्हते, कारण असे काही झाल्यास कळवावे हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. सहा दिवसांचे उत्पन्न बुडाले ते नुकसान लहान होते. ज्या मुलांनी नाणे घालून पाहिले आणि खेळ सुरू झाला नाही, ती पुढे महिनाभर त्या यंत्राकडे फिरकली नाहीत, हे नुकसान मोठे होते. त्यानंतर आजवर जे काही शिकले, त्याचा गाभा हाच आहे की चालू स्थितीतले साधारण यंत्र बंद पडलेल्या उत्तम यंत्रापेक्षा कितीतरी जास्त कमावते, आणि यंत्र चालू राहणे हे आपल्या फेऱ्यांवर व दुकानदाराच्या सहकार्यावर अवलंबून असते.

1972 साली अटारी कंपनीने ‘पाँग’ हा खेळ तयार केला तेव्हा त्याचा पहिला नमुना कॅलिफोर्नियातील सनीवेल येथील अँडी कॅप्स टॅव्हर्न या मद्यालयात ठेवण्यात आला होता. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. ते घडवणारे अभियंते अॅलन अल्कॉर्न तपासणीसाठी गेले, तेव्हा नाणी साठवण्याचे भांडे काठोकाठ भरल्यामुळे नवे नाणे आत जात नसल्याचे त्यांना आढळले. हा प्रसंग सहसा यशाची कथा म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात आपल्या कामाचा पहिला पाठ दिसतो : लोकांना खेळ कितीही आवडला तरी पेटी वेळेवर रिकामी झाली नाही, तर यंत्र बंदच पडते.

जागा निवडताना मी आता एकच गोष्ट आधी पाहते, ती म्हणजे लोक तिथे थांबतात का. गर्दी आणि थांबणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या दुकानात माणसे सतत येतात पण वस्तू घेऊन लगेच निघून जातात, तिथे यंत्र उभे राहते आणि कमाई होत नाही. कपडे धुण्याची यंत्रे असलेली दुकाने, केस कापण्याची दुकाने, वाहनदुरुस्तीच्या ठिकाणचे प्रतीक्षागृह, उपाहारगृहे, चित्रपटगृहाचे बाहेरचे दालन अशा जागी माणसाला दहा-पंधरा मिनिटे काढायची असतात, आणि ती मिनिटेच आपले गिऱ्हाईक असतात. मी अशा जागी दोन वेगवेगळ्या वेळी तासभर बसून किती माणसे आली, त्यांतली किती जण पाच मिनिटांहून अधिक थांबली आणि त्यांच्यासोबत मुले होती का, हे वहीत टिपून ठेवते. दुकानाच्या गल्ल्यात सुटी नाणी असतात का हेही तेवढ्याच काळजीने पाहावे, कारण सुटे मिळाले नाहीत तर खेळण्याची इच्छा तिथल्या तिथे विरते. यंत्र गल्ल्यावरच्या माणसाच्या नजरेत असावे, पडद्यावर थेट ऊन येऊ नये, मागच्या बाजूला हवा खेळती राहील एवढे अंतर असावे आणि विजेच्या जोडणीला योग्य अर्थिंग असावे. उभे यंत्र अनेकदा शंभर किलोंहून जड असते. म्हणून दाराची रुंदी, पायऱ्या आणि आतली वळणे आधी मापून घ्यावीत. मी एकदा मापे न घेता गेले आणि यंत्र दाराबाहेरूनच परत आणावे लागले.

दुकानदाराशी पहिले बोलणे त्यांच्या निवांत वेळी करावे. गिऱ्हाईक समोर उभे असताना विषय काढला तर नकार ठरलेला असतो, आणि तो नकार यंत्राला नसून त्या वेळेला असतो. मी सुरुवातीला एक महिन्याच्या प्रयोगाची विनंती करते आणि महिन्याअखेरी त्यांना नको वाटल्यास यंत्र माझ्या खर्चाने उचलून नेईन, असे लेखी देते. वाटणीची सर्वांत रुळलेली पद्धत निम्मी-निम्मी आहे. काही जण आधी ठरावीक रक्कम देखभालीसाठी बाजूला काढून उरलेल्याचे दोन भाग करतात. हे न्याय्य असले तरी नवोदिताने पहिल्याच जागी तसा आग्रह धरू नये असे माझे मत आहे, कारण दुकानदाराला हिशेब जितका सरळ दिसेल तितका विश्वास लवकर बसतो. करारपत्र एका पानाचेही चालते, पण त्यात यंत्राची मालकी कोणाची, वाटा किती, विजेचा खर्च कोणाचा, किल्ल्या कोणाकडे, बिघाड कोणाला व किती वेळात कळवायचा, गिऱ्हाइकाचे नाणे अडकल्यास ते कोणी परत द्यायचे आणि यंत्र हलवण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यायची, या गोष्टी स्पष्ट असाव्यात. दुकान विकले गेले तर नव्या मालकाने यंत्र आपलेच समजू नये, यासाठी मालकीचे वाक्य फार उपयोगी पडते.

नाणे परत देण्याच्या प्रश्नावर या व्यवसायातल्या जुन्या माणसांनी काढलेला एक उपाय मला अतिशय आवडतो. आपल्या खिशातली काही नाणी रंगवून ती दुकानदाराकडे ठेवायची. कोणाचे नाणे अडकले, तर दुकानदार रंगवलेले नाणे देऊन खेळ चालू करून देतात. यंत्राभोवती सामसूम असेल, तर एखाद्या मुलाला तेच नाणे देऊन पहिला डाव सुरू करून देतात. वसुलीच्या दिवशी पेटीतली रंगवलेली नाणी वेगळी काढून, वाटणीच्या हिशेबात न धरता दुकानदाराला परत द्यायची. त्यामुळे गल्ल्यातून पैसे गेल्याची तक्रार उरत नाही आणि किती वेळा नाणे अडकले याची आपोआप नोंद होते. एका पेटीत रंगवलेली नाणी नेहमीपेक्षा जास्त निघाली, तर त्या यंत्राची नाणे तपासणारी यंत्रणा त्याच दिवशी उघडायची असे मी ठरवून टाकले आहे.

ही यंत्रणा नीट समजून घेण्यात घालवलेला वेळ कधीही वाया जात नाही, कारण माझ्या वहीतले निम्म्याहून अधिक बिघाड तिच्याशीच निगडित आहेत. साध्या यांत्रिक प्रकारात नाण्याचा व्यास, जाडी आणि वजन तपासले जाते, आणि त्याच्या वाटेवर असलेल्या चुंबकामुळे चुकीच्या धातूचे नाणे अडते किंवा भलत्या वेगाने जाऊन परतीच्या मार्गावर पडते. इलेक्ट्रॉनिक प्रकारांपैकी एकात आपण एक खरे नाणे नमुना म्हणून बसवतो आणि आत येणाऱ्या प्रत्येक नाण्याची त्याच्याशी तुलना होते. दोन्ही प्रकारांचा शत्रू एकच : नाण्यांवरून येणारा चिकट मळ. ती वाट अल्कोहोलने पुसून कोरडी करावी. तिथे तेल मात्र कधीही घालू नये. तेलावर धूळ बसते आणि पंधरवड्यात आधीपेक्षा वाईट अवस्था होते. नाणे शेवटी एका मायक्रोस्विचची, म्हणजे हलक्या दाबाने चालणाऱ्या छोट्या स्विचची, तार दाबून पुढे जाते आणि तेव्हाच खेळाला नाणे आल्याचे कळते. ही बारीक तार वाकली असेल, तर नाणे पेटीत पडते पण खेळ सुरू होत नाही, आणि गिऱ्हाइकाला सर्वांत जास्त राग याच बिघाडाचा येतो.

बाकीची दुरुस्ती शिकण्याजोगी आहे. बटणे आणि जॉयस्टिक झिजतात, म्हणून त्यांचे सुटे भाग प्रत्येक फेरीत सोबत ठेवावेत. खेळ मधेच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर सर्किट बोर्डावर दोष देण्यापूर्वी पॉवर सप्लायकडून येणारा 5 व्होल्टचा दाब बोर्डाजवळ मोजावा. तो थोडासा खाली घसरला तरी जुने बोर्ड अडखळतात. 1985 साली जपानमध्ये जॅमा नावाचे जोडणीचे मानक ठरले आणि 56 टोकांच्या एकाच जोडणीने खेळाचा बोर्ड बदलता येऊ लागला. त्या मानकाचे यंत्र घेतल्यास पुढे खेळ बदलण्यासाठी संपूर्ण यंत्र बदलावे लागत नाही. जुन्या काचेच्या पडद्याच्या मॉनिटरबाबत मात्र माझी कळकळीची विनंती आहे. त्याच्या आत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यानंतरही तो शिल्लक राहू शकतो. जाणकारासमोर बसून शिकल्याशिवाय त्याला हात लावू नये.

खेळ किती अवघड ठेवावा हे बोर्डावरील छोट्या स्विचांनी किंवा आतल्या यादीतून ठरवता येते : एका नाण्यात किती डाव, एका डावात किती जीव, किती गुणांवर जादा जीव. सुरुवातीला मला वाटले की डाव लवकर संपला म्हणजे नाणी जास्त येतील, आणि मी यंत्र कठीण करून ठेवले. आलेल्या मुलाचा डाव अर्ध्या मिनिटात संपला, त्याने दुसरे नाणे घातलेच नाही. नवख्याला दीड-दोन मिनिटे तरी टिकता आले पाहिजे आणि हरताना पुढच्या वेळी जमेल असे वाटले पाहिजे, हे मला यंत्राजवळ उभे राहून लोकांच्या चेहऱ्यांवरून कळले. आवाजाचा प्रश्नही असाच आहे. रिकाम्या वेळी यंत्र स्वतःहून दृश्ये दाखवून लोकांना बोलावत असते, पण तो आवाज दिवसभर ऐकणारा माणूस दुकानदार असतो. आवाज त्यांना विचारून ठेवावा. तो असह्य झाला तर ते तक्रार करत बसत नाहीत, सरळ प्लग काढून टाकतात.

वसुली नेहमी दुकानदारासमोर करावी. मी प्रथम पडलेली नाणी मोजणाऱ्या आतल्या मीटरचा आकडा त्यांना दाखवते, मागच्या आकड्याशी वजाबाकी करते, मग नाणी मोजते आणि दोन्ही संख्या वहीत लिहून दोघांच्या सह्या घेते. तपासणीसाठी मला फुकट डाव लागतात तेव्हा ते आतल्या सर्व्हिस बटणाने घेते, म्हणजे मीटरवर त्यांची नोंद होत नाही. दोन संख्यांत फरक आला तर त्याच क्षणी बोलावे. मनात ठेवलेला फरक पुढच्या वसुलीपर्यंत संशय होतो. एका जागी मीटर सातत्याने कमी दाखवत होते. मी मनातल्या मनात कोणाकोणाला दोषी धरले, आणि शेवटी मीटरची तारच सैल निघाली. त्या दुकानदारांनी मला तोंडावर काही म्हटले नाही, पण मला आजही त्याचे वाईट वाटते.

यंत्राचा पैसा कधी सुटेल याचा हिशेब नाण्यांतच मांडून पाहावा. समजा, यंत्राची किंमत 10,000 नाण्यांइतकी आहे आणि आठवड्याला 300 नाणी पडतात. निम्म्या वाट्याने आपल्याकडे 150 येतात, त्यांतली 30 प्रवास व सुट्या भागांत जातात आणि 120 उरतात; म्हणजे किंमत सुटायला 83 हून अधिक आठवडे लागतील, तेही उत्पन्न तेवढेच टिकले तर. ते टिकत नाही. नेहमी येणारी माणसे खेळाला सरावतात आणि काही महिन्यांत आकडा उतरू लागतो. म्हणून एकाच यंत्रावर थांबलेला माणूस अडकतो, आणि तीन-चार जागा असलेला माणूस यंत्रांची अदलाबदल करून प्रत्येक जागी नवेपण आणू शकतो. जागा मात्र एका फेरीत उरकतील इतक्या जवळ असाव्यात.

कायद्याची चौकशी यंत्र विकत घेण्यापूर्वी करावी. परवाना, कर आणि विमा यांचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. कौशल्याचा खेळ आणि जुगार यांमधली रेषा तर इतिहासात वारंवार सरकली आहे : न्यूयॉर्क शहरात महापौर फिओरेलो लाग्वार्डिया यांच्या कारकिर्दीत 1942 साली पिनबॉलवर, म्हणजे उतरत्या फळीवर चेंडू उडवण्याच्या खेळावर, बंदी आली आणि ती 1976 मध्ये उठली, तीही या खेळाचे जाणकार रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या सदस्यांसमोर खेळून चेंडू ठरवलेल्या वाटेने पाठवता येतो हे दाखवल्यानंतर. पंजाने खेळणी उचलण्याच्या यंत्रांबाबत आजही अनेक ठिकाणी स्वतंत्र नियम असतात. ज्या यंत्रातून रोख रक्कम किंवा रोखीत बदलता येणारे बक्षीस मिळते, त्याच्या वाटेला नवोदिताने जाऊच नये. शेकडो खेळ एकाच बोर्डावर भरलेली स्वस्त संचयिका समोर येते, तेव्हा त्या खेळांच्या हक्कांचा प्रश्न विचारावा. बहुतेक वेळा त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

काही जागा सोडाव्याच लागतात. सलग तीन महिने उत्पन्न फेरीचा खर्चही भागवत नसेल, तर मी करारातली सूचना देऊन यंत्र उचलते. त्या दिवशी शेवटची वसुली नेहमीप्रमाणे समोर मोजते, रंगवलेली नाणी परत मागून घेते, अखेरचा मीटर-आकडा लिहून वहीतील ते खाते दोघांच्या सहीने बंद करते, आणि यंत्र हलवल्यावर त्याखाली साचलेली धूळ झाडून, भिंतीला पाडलेली भोके बुजवून मगच गाडीत बसते.