क्रिमिनल लॉ शिकताय? कलमं पाठ करण्याआधी ती फोडायला शिका

क्रिमिनल लॉ सुरू झाला की बहुतेक पोरं आधी नंबर पाठ करायला बसतात, ३०२ म्हणजे खून, ४२० म्हणजे फसवणूक, आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या पीनल कोडच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर तेच परत नव्याने, खुनाची शिक्षा १०३, फसवणूक ३१८(४). नंबर वापरता वापरता आपोआप डोक्यात बसतात हो. आधी कलम फोडायला शिका, म्हणजे त्यातला एकेक घटक सुटा करायचा आणि हकीकतीला लावून बघायचा, एक जरी घटक जुळला नाही तरी तो गुन्हा बसत नाही.

सुरुवात चोरीपासून करा, न्याय संहितेचं कलम ३०३. बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, उघडा, पेन्सिल घ्या आणि घटकांखाली रेघा मारा. वस्तू जंगम, म्हणजे हलवता येणारी पाहिजे, दुसऱ्याच्या ताब्यातली पाहिजे, त्याची संमती नसली पाहिजे, वस्तू हलवलेली पाहिजे, आणि इरादा अप्रामाणिक पाहिजे. आता समजा पावसात हॉटेलबाहेर दहा काळ्या छत्र्या आहेत आणि तुम्ही आपली समजून दुसऱ्याची उचलली. पहिले चार घटक जुळले, इरादा नाही, मग चोरी पण नाही. घरी गेल्यावर कळलं आणि तरी ठेवून घेतली तर? तेव्हा चोरी सोडून अपहाराचं कलम बघायचं, ३१४. आणि "थोडा वेळच नेली होती, परत देणार होतो" हा बचाव नेहमी चालतोच असं नाही. के. एन. मेहरा केसमध्ये एअर फोर्सच्या ट्रेनीने जोधपूरहून परवानगीशिवाय विमान उडवलं आणि पाकिस्तानात उतरवलं, १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती चोरीच धरली, वस्तू कायमची लांबवायचा इरादा लागत नाही म्हणून.

कृती आणि मन, ॲक्टस रियस आणि मेन्स रिआ, बहुतेक गुन्हे या दोन पायांवर उभे असतात. काही ठिकाणी मात्र कायदा मनात काय होतं ते विचारतच नाही, त्यासाठी मेयर हान्स जॉर्जची केस वाचा. झुरिचहून मनिलाला निघालेला माणूस, जॅकेटमध्ये ३४ किलो सोनं, विमान मुंबईत थांबलं आणि तो अडकला. भारतातला सोन्याबद्दलचा नवा नियम मला माहीतच नव्हता हे त्याचं म्हणणं १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ कलम १०० आणि १०१ ला द्या, सदोष मनुष्यवध आणि खून. फरक आहे तो इरादा आणि जाणीव किती तीव्र होती याचा. मुंबई हायकोर्टाचा १८७६ चा गोविंदा निकाल अजून शिकवतात तो याचसाठी, नवऱ्याने बायकोला लाथ मारून पाडलं, छातीवर गुडघा ठेवून तोंडावर ठोसे मारले, ती मेली, पण कोर्टाने खून न धरता सदोष मनुष्यवध धरला. वाचताना चीड येते, मला तरी येते, पण इजा किती आणि मृत्यूची शक्यता किती हे मोजायचं कसं ते तिथे कळतं. मग नानावटी केस घ्या, नौदलाच्या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळी घातली ती. राग आला हे खरं, पण घरून निघाल्यापासून गोळी झाडेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले, मधे त्याने जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, म्हणून अचानक व गंभीर चिथावणीचा अपवाद मिळाला नाही.

पुराव्याचं ओझं फिर्यादी पक्षावर, आणि तेही वाजवी संशयापलीकडे. आरोपीने स्वसंरक्षण किंवा वेडेपणा सांगितला तर तो दाखवायचं ओझं त्याच्यावर जातं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८, पण त्याला एवढं कडक सिद्ध करावं लागत नाही, शक्यता जास्त आहे इतकं पुरतं. परिस्थितीजन्य पुराव्यासाठी १९८४ चा शरद सारडा निकाल वाचाच, त्यातल्या पाच अटी कोर्टात रोज कोणी ना कोणी सांगतं.

आणि जुना पीनल कोड फेकू नका. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला जुनंच कलम लागतं, घटनेच्या वेळी जो कायदा होता त्याच्यावरच शिक्षा, संविधानाचं कलम २०(१). त्यामुळे फाईल हातात आली की आधी एफआयआरमधली घटनेची तारीख बघा, मग कोणतं पुस्तक उघडायचं ते ठरवा.

जमलं तर सुट्टीत सेशन्स कोर्टात मागच्या बाकावर बसा आणि पंचाची, म्हणजे पंचनाम्याच्या साक्षीदाराची, उलटतपासणी ऐका. मुद्देमाल तुमच्यासमोर सील केला का, सही कुठे केली, पंचनामा वाचून दाखवला का, हे प्रश्न ऐकताना बचावाचा वकील नेमका कोणता घटक पाडायला बघतोय ते वहीत लिहा.