पत्रकारितेच्या एम.ए.ला जाण्याआधी

जळगावच्या विद्यापीठात पत्रकारितेला जायचं पक्कं केलं असेल, तर कॅमेऱ्याचे भाव बघण्याआधी कागद गोळा करा. गुणपत्रिका, टी.सी. आणि पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर तिथलं मायग्रेशन (स्थलांतर) प्रमाणपत्र. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते, तरी जूनमध्ये जुनंच घेऊन येणारे आणि मग दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या रांगेत घाम गाळणारे असतातच. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यात पडते. आपलं नेमकं कोणतं खातं जोडलंय ते बँकेत विचारून या. विद्यापीठ गावात नाही, धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर बांभोरीच्या बाजूला आहे. त्यामुळे शहादा-धडगावकडच्यांनी राहायची चौकशी प्रवेशाबरोबरच उरकावी.

सुट्टीत टायपिंग शिका. युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर, बोटांकडे न बघता. बोलून टाइप होतं हे खरं, पण गावांची नावं आणि आडनावं त्यात बिघडतात, आणि बातमीत माणूस आधी आपलंच नाव शोधतो.

कानाची तयारी मात्र आत्तापासूनच हवी. आपल्याकडे अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे, तावडी आहे, सातपुड्यात पावरी आहे. घरी बोलतो ती बोली विभागाच्या दारात काढून ठेवायची नसते. एखादे आप्पा म्हणाले, ‘आवंदा हातमा काहीच नही उनं’ (यंदा हातात काहीच आलं नाही), तर वहीत तसंच उतरवा, प्रमाण मराठी त्याखाली लिहा. 2018 मध्ये विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलं त्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून, त्यांच्याच बोलीत टिपली. आणि मुलाखत घेताना ‘सर, आपली प्रतिक्रिया?’ असं सुरू करू नका. आबा, बापू, जिभाऊ म्हणून बांधावर बसा, माणूस आपोआप बोलतो.

पहिल्या असाइनमेंटसाठी विषय घरूनच न्या. रावेर-यावलकडचे असाल तर केळीचा विमा घ्या. हवामानावर आधारित फळपीक विम्यात थंडीची किंवा उन्हाची भरपाई बागेकडे बघून ठरत नाही, महसूल मंडळातल्या (काही गावांचा मिळून एक गट) हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. म्हणून मंडळाच्या शिवेच्या अलीकडच्याला पैसे मिळतात आणि पलीकडचा हात चोळत बसतो, बाग दोघांची सारखीच करपलेली. ‘शेतकऱ्यांमध्ये संताप’ एवढ्यावर बातमी संपवायची नसेल तर त्या केंद्राच्या रोजच्या नोंदी हव्यात, योजनेचा शासन निर्णय हवा, आणि केंद्र कुठं बसवलंय, त्याच्या आजूबाजूला झाडं-भिंती आहेत का, हे स्वतः जाऊन बघायला हवं. नोंदी सहज मिळाल्या नाहीत तर 2005 च्या कायद्याखाली माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, उत्तराला साधारण 30 दिवस. ‘का दिलं नाही?’ असं विचारू नका, अमुक तारखांच्या नोंदींची प्रत मागा. असा एक अर्ज प्रवेशाआधीच करून पोच घेतलीत, तर वर्गात बसण्याआधी निम्मा अभ्यास झाला.

सामानात साधा वायरचा कॉलर माइक पुरे. त्यावर फोमची टोपी हवीच, माळावरचा वारा शब्द खाऊन टाकतो. एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून बंद पडतो, म्हणून बाहेरचं शूटिंग सकाळी नऊच्या आत आटपा. महागडा कॅमेरा पहिल्या वर्षी नकोच, त्या पैशांत तालुके फिरून होतील.

एक गोष्ट मात्र पाठ करूनच जा. पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम 23 नुसार पीडित मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. शाळा, शेजार, घरचे लोक, सगळं त्यात येतं. हजार वस्तीच्या गावात ‘किराणा दुकानदाराची मुलगी’ एवढं छापलं तरी अख्ख्या गावाला कळतं. तालुक्याच्या बातम्यांत घोळ नेमका अशा तपशिलांतच होतो, तेव्हा जुने अंक काढा आणि असे तपशील पेन्सिलीने खोडत बसा. दोन-चार दिवसांत हात बसेल.