जपानी शिकताय? आधी व्हिसा ठरवा

जपानमध्ये नोकरी करायची असेल तर ‘आधी एन१ होऊ दे, मग बघू’ म्हणत बसू नका. (एन१ ही जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत वरची पातळी, एन५ सर्वांत खालची.) कोणत्या व्हिसावर जायचं ते आधी ठरवा, मग भाषा किती लागेल ते आपोआप कळतं. २०१९ साली सुरू झालेल्या ‘तोकुतेई गिनो’ (विशिष्ट कौशल्य) व्हिसाला पदवी लागत नाही. शेती, हॉटेल, वृद्धांची देखभाल अशी कामं त्यात येतात. एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही जपानीची दुसरी परीक्षा, आणि त्या कामाची कौशल्य परीक्षा, एवढं साधारण पुरतं. देखभालीसाठी मात्र भाषेची आणखी एक परीक्षा असते. या व्हिसाचे दोन प्रकार आहेत; पहिल्या प्रकारात मुक्काम साधारण ५ वर्षांचाच, आणि कुटुंब सोबत नेता येत नाही. हे घरी आधीच सांगून ठेवा! इंजिनिअर किंवा ऑफिसातल्या कामाच्या व्हिसाला सहसा पदवी लागते.

जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पण तिच्यात बोलण्याची परीक्षाच नसते. म्हणून एन३ हातात असूनही मुलाखतीत तोंड उघडत नाही. रोज १० मिनिटं स्वतःची ओळख, केलेलं काम, जपानच का, हे मोठ्याने बोलून रेकॉर्ड करा. स्वतःचाच आवाज ऐकताना कसंतरी होतं, तरी ऐका.