घरच्या गॅरेजमधला सर्व्हिसिंगचा खड्डा: कुदळ मारण्याआधीची तयारी

घरी गाडीखाली काम करायला खड्डा घ्यायचा ठरलं की बहुतेक जण आधी खणाईचा दर विचारतात. माझं सांगणं, ती चौकशी सगळ्यात शेवटी करा. खड्डा म्हणजे घरातली सगळ्यात सखल जागा. पाणी, पेट्रोलची वाफ, एलपीजी, जे जे जड ते तिथेच जाऊन बसणार. तेव्हा पाण्याचा आणि हवेचा बंदोबस्त आधी कागदावर झाला पाहिजे, कारण काँक्रीट एकदा पडलं की नंतर पाइपाला वाट मिळत नाही.

पाणी पावसाळ्यातच बघा. नाशिकची जमीन गल्लीगणिक बदलते. कुठे दोन फुटांवर मुरूम लागतो, कुठे काळी माती पुरुषभर खोल जाते, कुठे लगेच काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणजे भिंतीला दर वर्षी रेटा बसणार. मुरूम खणायला आणि भार घ्यायला चांगला, पण त्यातून पाणी झिरपतं. म्हणून भाद्रपदात, जमीन पाण्याने तुडुंब असताना, आसपास कुणाची विहीर असेल तर तिची पातळी बघून या, आणि ठरवलेल्या जागेशेजारी खांबासाठी पाडतात तसा अरुंद खड्डा सहा-साडेसहा फूट खोल पाडा. त्यावर पत्रा टाकून आठवडाभर रोज काठी घालून बघा. तळाशी नुसता ओलावा असेल तर वॉटरप्रूफिंगने भागतं. पाणी तीन फुटांवर येऊन तिथेच थांबत असेल, तर मी खड्ड्याचा नाद सोडून द्यायला सांगेन. चांगले लोखंडी रॅम्प आणि अ‍ॅक्सल स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी टेकू) घ्या. वर्षातून दोनदा ऑइल बदलण्यापुरतं काम असलेल्यालाही तेच पुरे.

गोदावरी, नासर्डी, वालदेवीच्या जवळ राहत असाल तर जागा निळ्या किंवा लाल पूररेषेत येते का, ते महापालिकेत विचारा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली तेव्हा काठच्या वस्तीत पाणी कुठपर्यंत चढलं होतं, ते तिथली जुनी माणसं हाताने दाखवतात. त्या उंचीच्या खाली असाल तर खड्डा नकोच. परवानगीचंही त्याच फेरीत आर्किटेक्टकडून विचारून घ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र हा विषयच काढू नका, ती जागा सगळ्यांची आणि खाली इमारतीचे फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया.

बंगल्यातही फुटिंगचं बघावंच लागतं. घराच्या कॉलमजवळ फुटिंगच्या खाली खोल गेलात तर त्याच्या बुडाखालची माती सुटते. फुटिंगच्या बुडापासून जितकं खाली जायचं, तितकं तरी आडवं अंतर सोडा. कंपाउंडची भिंत दगडी असेल तर जास्तच. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वाचवू नका.

मापं घेताना गाडी सपाट जागी उभी करा. दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर टेपने मोजा. मारुती ८०० सारख्या लहान गाडीत ते साधारण साडेतीन फूट भरतं, जीपवर्गातल्या गाडीत जास्त. घरात दोन गाड्या असतील तर अरुंद गाडीचं माप धरा. आतून अडीच फूट रुंदी पुरते, दोन्हीकडे चाकाला जागा राहते आणि खाली माणूस वळू शकतो. खोली तुमच्या उंचीवर ठरते. उंची अधिक बूट-टोपीचे तीन इंच, त्यातून गाडीचा तळ जमिनीपासून जितका वर असेल तितकं वजा. पाच फूट सात इंचाच्या माणसाला आठ इंच उंच तळाच्या गाडीखाली पाच फूट दोन इंच येतात. ही तयार खोली झाली. पीसीसी (तळाचं बिनसळईचं काँक्रीट), दगड, स्लॅब आणि वरची फरशी धरून खणाई सव्वा ते दीड फूट जास्त. रुंदीतही भिंती, वॉटरप्रूफिंग आणि गवंड्याला हात चालवायला जागा धरली की सहा फूट लागतात. लांबी गाडीएवढी, शिवाय पायऱ्या. पायऱ्या गाडीच्या बाहेर येऊ द्या, म्हणजे गाडी वर उभी असतानाही माणसाला धावत बाहेर पडता येईल. शिडीवर भागवू नका.

हवेसाठी दोन गोष्टी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, एलपीजी दीडपट ते दुप्पट जड. गॅरेजचं शटर सताड उघडं असलं तरी ती तळातून हलत नाही. म्हणून भिंतीचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागण्याआधी चार इंची पीव्हीसी पाइप तळापासून सहा इंचांवर तोंड ठेवून बसवा आणि दुसरं टोक गॅरेजबाहेर उंचावर घ्या. त्या टोकाला ब्लोअर लावून बाहेरची ताजी हवा खाली ढकला. ब्लोअर बाहेर राहिला की मोटर वाफेत येत नाही. काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं तो चालू ठेवायचा आणि खाली माणूस असेपर्यंत बंद करायचा नाही. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो वर छताशी साचतो, तेव्हा वरही झरोका हवा. आणि खाली कुणी असताना इंजिन सुरू करायचं नाही, एक मिनिटही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खाली कुणी बेशुद्ध दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. ब्लोअर लावा आणि १०८ ला फोन करा. हे घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. पेट्रोलची टाकी किंवा लाइन उघडण्याचं काम खड्ड्यावर करूच नका.

विजेचं थोडक्यात. खड्ड्यात सॉकेट नको, स्विच नको. बारा व्होल्टचे सीलबंद एलईडी भिंतीत खोबणी करून बसवा, ट्रान्सफॉर्मर वर, आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच.

वॉटरप्रूफिंगला आपल्याकडच्या तळघरांची जुनी पद्धत उत्तम, शहाबादी फरशीचं बॉक्स टाइप काम. पीसीसीवर फरशी, मग आरसीसी (सळईच्या काँक्रीटचा) तळ आणि भिंती, भिंतींच्या बाहेरून पुन्हा फरशी, आणि प्रत्येक सांधा सिमेंटच्या रसाने भरलेला. हे काम करणारा गवंडी वेगळा असतो, तो आधी गाठून ठेवा. तळाला उतार देऊन कोपऱ्यात फूटभर चौरस टाकी ठेवा. ती गटाराला जोडायची नाही, तिच्यात ऑइल येणार. भिंतींना पांढऱ्या टाइल्स, तळाला खरबरीत फरशी, हाताशी दोन कोनाडे.

झाकणावर पैसा खर्च करा. कडेने अँगलची चौकट काँक्रीटमध्येच बसवा, नंतर ड्रिल करून लावलेली टिकत नाही. तिच्या खाचेत दोन इंची फळ्या बसतात. खाचेत वाळूचा एक खडा राहिला तरी फळी डुगडुगते, म्हणून बसवण्याआधी ब्रश फिरवा. चाकं आत सरकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना दोन इंच उंच लोखंडी कड हवी. सातपूर किंवा अंबडला फॅब्रिकेटरकडे मापं देताना फळीची रुंदी एका माणसाला उचलता येईल एवढीच सांगा. जड फळ्या लोक उघड्या टाकून देतात, आणि घरात लहान मूल असेल तर उघडा खड्डा म्हणजे विहीरच.

खणाई दिवाळीनंतर, जमीन वाळली की. पाच फुटांच्या खाली जाताना कडांना फळ्या-टेकू द्या आणि उपसलेली माती काठापासून पाच फूट लांब टाका, बिगारी खाली असताना कड ढासळते ती त्या ओझ्यानेच. पाषाण लागला तर ब्रेकर लावण्याआधी शेजाऱ्यांना सांगा, आणि दोन्ही घरांच्या भिंतींचे फोटो त्यांच्यासमोर काढून ठेवा. जेसीबी गेटातून जात नसेल तर राडारोडा कुठे टाकायचा तेही आधी ठरवा. काँक्रीटवर किमान दहा दिवस पाणी मारा आणि गाडी महिनाभर चढवू नका. वापरलेलं ऑइल साठवायला झाकणाचा ड्रम आत्ताच आणा आणि ते घेऊन जाणाऱ्या अधिकृत रीसायकलरचा नंबर त्यावर लिहून ठेवा.