मुंबईत घर बांधताय? सही करणारा आधी शोधा

गावी आमच्या आबांनी घर बांधलं तेव्हा कागद म्हणून एकच होता, ग्रामपंचायतीची पावती. गवंड्याने दोरी धरली, फक्कीने आखणी झाली, नारळ फुटला आणि दुसऱ्या दिवशी पाया खणायला सुरुवात. मी १९८९ साली खटावहून मुंबईत आलो, लालबागला मामांच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाय दुमडून झोपलो, आणि २००६ साली चारकोपला स्वतःचं घर बांधायला निघालो तेव्हाही डोक्यात तेच होतं. दोरी, फक्की, नारळ. ते डोक्यातून जायला दीड वर्ष लागलं. आता दर दोन-तीन महिन्यांनी गावाकडचा कुणीतरी भाचा-पुतण्या फोन करतो, "काका, जागा बघितलीय, पुढं कसं करायचं?" म्हणून एकदाच लिहून काढतो.

आधी जागा. मुंबईत एकट्याने घर बांधता येईल अशी जमीन फार कुठे उरलेली नाही. गावठाणं, कोळीवाडे, विलेपार्ले-मुलुंडकडचे जुने बंगल्यांचे प्लॉट, आणि आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली म्हणाल तर चारकोप, गोराई, मालवणीची म्हाडाची वसाहत. जागतिक बँकेच्या पैशातून १९८५ नंतर ती योजना आली. म्हाडाने रस्ते, पाणी, गटारं करून दिली आणि पंचवीस-चाळीस चौरस मीटरचे तुकडे वाटले, घर ज्याचं त्याने बांधायचं. तिथली जुनी बैठी घरं आता हातोहात विकली जातात. पण घर तुमच्या नावावर झालं तरी खालच्या जमिनीचा भाडेपट्टा सोसायटीचा असतो. सोसायटीचं आणि म्हाडाचं ना हरकत हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

इतरत्र घेत असाल तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा आणि त्याच क्रमांकावर पालिकेचा डीपी (विकास आराखडा) रिमार्क घ्या. जागेवर रस्तारुंदीची रेघ आहे का, बागेचं किंवा शाळेचं आरक्षण आहे का, ते त्यात कळतं. खाडीजवळ असाल तर सीआरझेडही, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे निर्बंधही, तपासा. अनेकांना चटई क्षेत्र, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येतं ते, माहीत असतं, उपनगरात मूळ एक आणि शहरात १.३३, आणि तेवढ्यावर ते मजले मोजायला लागतात. समोरचा रस्ता किती रुंद आहे, चारी बाजूंनी किती जागा सोडावी लागेल, हे कुणी विचारत नाही. म्हाडाच्या अभिन्यासातला (लेआउटमधला) हिशोब तर आणखी वेगळा.

झोपडपट्टीतली 'खोली' नोटरीवर घेऊन वर माळा चढवायचा बेत असेल तर इथेच थांबा. चौदा फुटांच्या वर उंची नेता येत नाही, आणि नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही. दलाल सांगेल ते सगळं खरं धरू नका.

आता परवानगी. १८८८ च्या महापालिका कायद्यात कलम ३४६ आहे, त्याखाली तुम्हाला मिळते आयओडी. पूर्ण नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नापसंतीची सूचना! माझ्या हातात तो कागद पडला तेव्हा मी घरी येऊन बायकोला सांगितलं, नकाशा नामंजूर झाला. रात्री दोघंही जेवलो नाही. सकाळी समजलं की मुंबईत यालाच मंजुरी म्हणतात. अर्थ असा की खालच्या अटी पुऱ्या होईपर्यंत तुमचं काम आम्हाला नापसंत आहे, अटी पुऱ्या करा आणि या. अटी मात्र एकेक करून वाचा. संरचना अभियंत्याची नेमणूक, हमीपत्र, मालमत्ता कराची थकबाकी, सांडपाण्याचा निचरा, झाड असेल तर वृक्ष प्राधिकरण, आणि पाण्याच्या टाकीला डास शिरणार नाही असं घट्ट झाकण. या शेवटच्या अटीला हसू नका. साइटवर साठलेलं पाणी आणि मलेरिया यांचं नातं पालिकेला चांगलं ठाऊक आहे, कीटकनाशक विभागाचा माणूस शिडी लावून टाकीवर चढतो.

त्यानंतर सीसी, काम सुरू करण्याचा दाखला. हा १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली मिळतो आणि बहुतेक वेळा आधी जोत्यापुरताच देतात. जोतं नकाशाप्रमाणे आलंय हे दाखवल्यावर पुढची सीसी. मुदत एक वर्षाची, मग नूतनीकरण. आम्ही बांधलं तेव्हा म्हाडाचं ना हरकत घेऊन पालिकेत जावं लागे. २०१८ पासून म्हाडाच्या अभिन्यासांचे अधिकार म्हाडाकडेच आहेत, म्हणजे चारकोपवाल्यांची खेप आता वांद्र्याला, म्हाडाच्या कार्यालयात.

पण हे सगळं कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते सही करणाऱ्यांबद्दल. तुमचा अर्ज तुम्ही स्वतः लिहून चालत नाही. वास्तुविशारद किंवा परवानाधारक सर्वेक्षक लागतो, परवानाधारक संरचना अभियंता लागतो, परवानाधारक साइट पर्यवेक्षक लागतो, नळकामाला परवानाधारक प्लंबर. १९७२ च्या कायद्याप्रमाणे आर्किटेक्ट हे बिरूद फक्त वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येतं. सर्वेक्षकाचा परवाना पालिकेचा असतो. गावाकडचा इंजिनिअर मेव्हणा कितीही हुशार असो, परवाना नसेल तर त्याची सही इथे चालणार नाही.

मी पहिल्यांदा ज्याला गाठलं त्याच्या दारावर 'आर्किटेक्ट' अशी पाटी होती. टेबलावर निळे नकाशे, भिंतीवर गणपती, बोलणं गोड. आठ महिने गेल्यावर कळलं की तो नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. सही दुसऱ्याच माणसाची, आणि त्या माणसाने आमचा प्लॉट कधी डोळ्यांनीही पाहिलेला नव्हता. सही करणाऱ्याशी फोनवर बोलणं झालं तेव्हा त्याने मलाच विचारलं, "चारकोप सेक्टर किती म्हणालात?" दिलेला आगाऊ पैसा पाण्यात गेला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, फी ठरवायच्या आधी नोंदणी क्रमांक मागा, परिषदेच्या यादीत नाव बघा, आणि सही करणाऱ्यालाच चहाला साइटवर बोलवा. जो येत नाही त्याला नमस्कार.

दुसऱ्यांदा नशीब बरं. संरचना अभियंता एक पन्नाशीच्या बाई मिळाल्या. जमीन खाडीलगतची, भरावाची, त्यामुळे त्यांनी आधी बोअर मारून माती तपासायला लावली. मला तो खर्च जिवावर आला होता. अहवालात वरचे काही मीटर नुसता भराव आणि खाली काळी चिकणमाती निघाली. मग प्रत्येक खांबाखालच्या वेगवेगळ्या फुटिंगऐवजी सगळ्या घराखाली एकसंध राफ्ट पाया आला. त्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या दोन्ही घरांच्या भिंतींचे फोटो काढून ठेवायला सांगितलं, तारखेसकट, शेजाऱ्याच्या सहीसकट. सामाईक भिंत असते तिथे तुम्ही खणायला लागलात की शेजाऱ्याची दहा वर्षांपूर्वीची भेगसुद्धा तुमची होते.

पहिल्या स्लॅबचा दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. रविवार, सकाळचे सात. खडी-रेतीचे ढीग लागलेले, मिक्सर आलेला, गँगचे चौदा जण बिड्या ओढत बसलेले. बाई आल्या, ओढणी कमरेला खोचली आणि बीमच्या कडेला उकिडव्या बसल्या. सळईभोवतीची रिंग आणि शटरिंगचं प्लाय यांच्या मधे त्यांनी बोट घालून पाहिलं. गेलं नाही. "माझं बोट जात नाही इथं, काँक्रीट कुठनं जाणार?" फिटरने कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई आणि प्लाय यांत अंतर ठेवणारे ठोकळे, लावलेच नव्हते. मग त्यांनी रिंगांची टोकं पाहिली. ती काटकोनात वाकवून सोडलेली. टोक आत वळवून गाभ्यात गेलं पाहिजे, नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते, आणि मुंबई भूकंपक्षेत्र तीनमध्ये, हे त्यांनी फिटरला हिंदीत, कंत्राटदाराला मराठीत आणि मला फक्त नजरेने सांगितलं. साइटच्या वहीत एक ओळ लिहिली, 'दुरुस्तीशिवाय काँक्रीट ओतू नये', खाली सही, वेळ. कंत्राटदार चिडला, गँगची दिवसभराची मजुरी कोण देणार म्हणाला. मी दिली. तीन दिवस गेले.

उपनगरातल्या तीस वर्षं जुन्या कुठल्याही इमारतीच्या खांबाकडे बघा. खाऱ्या हवेने सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्थैर्याचा दाखला घ्यायला कायद्यानेच लावलंय, तो उगाच नाही. सळईवरचं ते कव्हर म्हणजे चाळीसेक मिलिमीटर काँक्रीट, बस्स. स्लॅबच्या दिवशी त्याच काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे नमुन्याचे क्यूब भरून घ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेत फोडून अहवाल घ्या. आणि स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, टँकर विकत घ्यावा लागला तरी.

किरकोळ गोष्टी. बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर असतो. स्वतः राहायचं घर ठरावीक खर्चाच्या आत असेल तर माफ; ती मर्यादा पूर्वी दहा लाखांची होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेत पन्नास लाखांची झाली. २०२३ पासून धुळीचे नियम कडक झालेत, पत्र्याचं कुंपण, हिरवं कापड, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकलेल्या गाडीतून. जोतं किती उंच घ्यायचं ते नियमातल्या किमान आकड्यावर सोडू नका. २६ जुलै २००५ ला त्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

मोह मात्र शेवटी होतो. घर उभं राहत आलं की बायकोला बाल्कनी आत घेऊन स्वयंपाकघर मोठं हवं असतं, कंत्राटदार म्हणतो "सगळेच करतात", आणि खरंच सगळेच करतात. आमच्या ओळीत चार घरांनी केलं. पण नकाशात नसलेलं काही दिसलं की भोगवटा दाखला, म्हणजे ओसी, अडकतो. ओसी नाही म्हणजे पाणीपट्टी दुप्पट, आणि विकायला काढलं की गिऱ्हाइकाची बँक हात वर करते. बदल हवाच असेल तर आधी सुधारित नकाशा टाका, मग भिंत पाडा. आमच्या घरात यावर आठवडाभर अबोला होता. स्वयंपाकघर लहानच राहिलं, खिडकी मोठी झाली.

ओसीच्या वेळी प्रत्येकाची सही पुन्हा लागते. वास्तुविशारदाचं काम पूर्ण झाल्याचं पत्र, संरचना अभियंत्याचा स्थैर्य दाखला, पर्यवेक्षकाचा, प्लंबरचा निचऱ्याचा. कुणाची फी थकवलीत तर नेमकी तीच सही मिळणार नाही. शेवटचा हप्ता ओसीला बांधून ठेवा, हे पहिल्याच करारात लिहा.

आणि ती साइटची वही कंत्राटदाराला नेऊ देऊ नका. आमची अजून कपाटात वरच्या फळीवर आहे, आयओडी, सीसी, क्यूबचे अहवाल, राफ्टच्या सळईचे फोटो आणि मंजूर नकाशांसोबत. गेल्या वर्षी गच्चीवर सौर पॅनेल बसवायला आलेल्या पोराने विचारलं, स्लॅब किती जाड आहे, काका? मी वही काढली.