मुलांना गोठ्यात नेताय? या चुका टाळा

वसुबारसेला इंदूरमधली कितीतरी मराठी घरं मुलांना घेऊन गोशाळेत जातात. एरवीही रविवारी सांवेर, देपालपूरकडच्या ओळखीच्या शेतावर चक्कर होतेच. मुलांना जरूर न्या. वासराची खरखरीत जीभ हाताला लागली की मूल कसं खिदळतं, ते बघण्यासारखं असतं. फक्त तोच हात पुढे कुठे जातो, इकडे लक्ष हवं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सॅनिटायझरचे दोन थेंब चोळून ‘झाले हात स्वच्छ’ म्हणणं. शेणामातीने भरलेल्या हातांवर ते नीट कामच करत नाही. त्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी, जो हगवण लागलेल्या लहान वासरांच्या शेणात बरेचदा असतो, अल्कोहोलला दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं. 20 सेकंद चोळायचं, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा. नळ नसेल तर घरूनच पाण्याचा कॅन, साबणाची वडी आणि कोरडा नॅपकिन न्या. एकाने वरून पाणी ओतायचं, दुसऱ्याने मुलाचे हात धुवायचे. एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुचकळू नयेत. पाच वर्षांखालच्या मुलांचे हात मोठ्यांनीच धुवावेत, आणि गाडीत बसल्यावर बूट काढले तर पुन्हा एकदा.

‘गाय तर धडधाकट आहे’ हा दुसरा गैरसमज. ई. कोलाय ओ157 हा जंतू गायी-शेळ्यांच्या आतड्यात राहतो, पण जनावर आजारी दिसत नाही. तो शेणातून अंगावरच्या केसांवर, गव्हाणीच्या कडेवर, दाव्यावर येतो. म्हणजे गायीला हात न लावताही तो मुलाच्या बोटांवर येऊ शकतो. कोंबडीच्या पिल्लांचंही तसंच: साल्मोनेला असतो, म्हणून पिल्लू गालाशी धरणं, पापी घेणं नको.

खाण्याच्या बाबतीत तर आपण फारच ढिले असतो. गायीला गूळ-पोळी भरवताना उरलेला तुकडा मुलाच्या तोंडात जातो, कुणी तिथेच शेवेची पुडी फोडतं. प्रसाद, पाण्याची बाटली, चोखणी सगळं गोठ्याबाहेर, हात धुतल्यानंतरच.

धारोष्ण दुधाबद्दल आजोबांशी वाद घालू नका, पण ‘आजोबा, उकळून देते त्याला’ एवढं ठामपणे म्हणाच. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात, आणि चांगली उकळी आली की हे जंतू मरतात.

एवढं करूनही जुलाब लागले तर? ई. कोलायची लक्षणं बहुधा तीन-चार दिवसांनी दिसतात, क्रिप्टोस्पोरिडियमची आठवडाभरानेही. तोवर गोशाळा विसरलेली असते आणि दोष बाहेरच्या खाण्याला जातो. डॉक्टरांना ‘जनावरांना हात लावला होता’ हे आपणहून सांगा. ओआरएस पाजत राहा. जुलाब थांबवणारी गोळी किंवा घरात उरलेलं अँटिबायोटिक मनाने देऊ नका. शौचात रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जुलाब कमी होत आले तरी मूल फिकट, मलूल दिसत असेल, लघवी कमी झाली असेल, तर ताबडतोब दाखवा. ई. कोलाय ओ157च्या विषामुळे लहान मुलांच्या किडन्यांना इजा होऊ शकते आणि ती बरेचदा अशी उशिराच कळते.