दवाखान्यात मुलाला दुभाषी करू नका
परदेशात स्थायिक झालेल्या घरांत मुलं नवी भाषा आईवडिलांच्या आधी शिकतात आणि मग दवाखान्यात दुभाष्याचं काम त्यांच्याच गळ्यात पडतं. हे टाळाच. लहान मुलाला औषधाची मात्रा नीट सांगता येत नाही. वाईट बातमी तर ते बऱ्याचदा घाबरून गाळतं. शिवाय मुलासमोर आई आपली सगळी दुखणी कशी उघड करणार? अपॉइंटमेंट घेतानाच भाषा सांगून दुभाषी मागा. अनेक देशांत रुग्णालयं तो मोफत देतात, कधी फोनवरूनही. बोलताना डॉक्टरांकडे पाहा, वाक्यं छोटी ठेवा. निघण्यापूर्वी औषधं कशी घ्यायची ते स्वतःच्या शब्दांत परत सांगा, म्हणजे चूक तिथेच सुधारता येईल.